लोकांची इच्छा कोणत्या कागदावर लिहिलेली असते?

समलिंगी विवाहावर संशोधन करायचं म्हटलं की आपल्याकडच्या आराखड्यांचं पहिलं पान जवळपास ठरलेलं असतं. एका बाजूला लोकांनी निवडून दिलेली संसद, दुसऱ्या बाजूला कोणीही न निवडलेले न्यायाधीश, आणि मध्ये प्रश्न, श्रेष्ठ कोण? वक्तृत्व स्पर्धेला विषय झकास आहे. पेटच्या मुलाखतीत दहा मिनिटंही निघून जातील. पण त्यावर पुढची चार-पाच वर्षं काढायची असतील, तर आरआरसीसमोर बसण्याआधी एक गोष्ट नीट बघून घ्या.

या प्रश्नात आपण दोन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहतोय: न्यायालयाचा निकाल आणि लोकांची इच्छा. निकालाचं सोपं आहे. त्याला तारीख असते, खंडपीठ असतं, कोणी काय लिहिलं ते परिच्छेदाच्या आकड्यासकट सांगता येतं. लोकांच्या इच्छेचं काय? ती आपण गृहीत धरून चालतो. 'समाजाचा विरोध आहे' किंवा 'समाज आता बदललाय' असं एक वाक्य टाकतो आणि पुढे जातो. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात वजन आहे आणि दुसऱ्यात नुसता शब्द.

हा वाद ज्या देशातून आपल्या अभ्यासक्रमात आला, तिथे ही अडचण नव्हती, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मतदारांना थेट मतपत्रिकेवर विचारलं जातं. कॅलिफोर्नियात २००० साली मतदारांनी 'विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री' असा कायदा मतदानाने केला. १५ मे २००८ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ४ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला. सहा महिन्यांत मतदारांनी प्रपोझिशन ८ नावाच्या प्रस्तावाने तेच वाक्य थेट राज्यघटनेत घातलं, सुमारे ५२ टक्के मतांनी. २०१०मध्ये एका संघीय न्यायाधीशाने तेही घटनाबाह्य ठरवलं. पुढे २०२४मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी ते वाक्य स्वतःच काढून टाकलं. आयोवात तर आणखी उघड झालं. तिथल्या सात न्यायाधीशांनी ३ एप्रिल २००९ला एकमताने विवाहाचा हक्क दिला आणि पुढच्याच वर्षी त्यांपैकी ज्या तिघांना पदावर ठेवायचं की नाही हे मतदारांना विचारलं गेलं, त्या तिघांनाही मतदारांनी घरी पाठवलं.

अशा ठिकाणी 'न्यायालय विरुद्ध मतदार' हे वाक्य अक्षरशः खरं असतं. दोन्ही बाजूंना आकडे आहेत. अलेक्झांडर बिकेल यांनी १९६२मध्ये न्यायालयीन पुनर्विलोकनाची जी 'बहुमतविरोधी अडचण' मांडली, ती तिथे हातात धरून मोजता येते. आपण ती संकल्पना उचलली. तिला लागणारा कागद, म्हणजे मतदाराने दिलेला कौल, मात्र आपल्याकडे आहे का, हे पाहिलंच नाही.

आपल्याकडे बंदी तरी आहे का?

सुरुवात इथूनच करा. 'समलिंगी विवाहावरील बंदी' हा शब्दप्रयोग अमेरिकेतला आहे. भारतात 'दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी विवाह करू नये' असं सांगणारं कलम नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याच्या चौथ्या कलमात वयाची अट आहे: पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ पूर्ण. कायदा पुरुष आणि स्त्री असं धरून चालतो, एवढंच. म्हणजे आपल्याकडे आहे ती तरतुदीची अनुपस्थिती. हा फरक शब्दच्छल वाटेल, पण तुमच्या अख्ख्या प्रबंधाची दिशा त्यावर ठरते. बंदी कोणीतरी घातलेली असते, तिच्यामागे कोणाची तरी इच्छा दाखवता येते. अनुपस्थितीमागे कोणाची इच्छा दाखवणार? १९५४च्या संसदेपुढे हा प्रश्नच नव्हता.

सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ला पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजय किशन कौल, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह. वर्तमानपत्रांनी '३ विरुद्ध २' असं छापलं आणि बहुतेक विद्यार्थी तेवढंच लक्षात ठेवतात. प्रत्यक्षात मुख्य मुद्द्यावर पाचही जण एक होते: विवाह करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्यात न्यायालय ते शब्द घालू शकत नाही, ते काम संसदेचं. फूट पडली ती त्यापुढच्या प्रश्नावर. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला राज्याने मान्यता देणं बंधनकारक आहे का आणि त्यांना एकत्र मूल दत्तक घेता यावं का? चंद्रचूड आणि कौल हो म्हणाले, बाकीचे तिघे नाही. पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ला फेटाळल्या गेल्या.

थोडक्यात, भारतात न्यायालयाने लोकांची इच्छा ओलांडली नाही. न्यायालय लोकांच्या इच्छेसमोर थांबलं. मग संशोधकाचा प्रश्न असा होतो: ते ज्या इच्छेसमोर थांबलं, ती इच्छा नोंदवलेली कुठे होती? शोधायला निघूया.

मतपेटीत शोधू

मी हे लिहितेय सायखेड्यात बसून. निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव, विधानसभेला निफाड आणि लोकसभेला दिंडोरी. इथल्या मतदाराने २० मे २०२४ला मत दिलं. कशावर दिलं, हे या भागात कोणालाही विचारा. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि भाव पडले. निर्यातबंदी उठली ती मतदानाच्या दोन आठवडे आधी, तीही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली तेव्हा गर्दीतून 'कांद्यावर बोला' अशी घोषणा आली. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार हरल्या आणि शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे एक लाखाहून जास्त मतांच्या फरकाने निवडून आले.

आता गंमत पाहा. भगरेंच्याच पक्षाच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२मध्ये लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं. विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी, 'पती' आणि 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' हा शब्द घालावा, असं ते विधेयक. आघाडीतल्या काँग्रेसच्या २०२४च्या जाहीरनाम्यात एलजीबीटी जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देणारा कायदा व्यापक चर्चेनंतर आणू, असं वचन होतं. मग कोणी असा निष्कर्ष काढला की दिंडोरीच्या मतदाराने समलिंगी जोडप्यांच्या बाजूने कौल दिला, तर? सायखेड्याच्या कांदा बाजारात हे बोलून बघा, लोक हसतील. आणि ते हसणं बरोबर आहे.

पण मग उलट दावाही तितकाच हास्यास्पद ठरतो. २०१९मध्ये देशाने ज्या सरकारला बहुमत दिलं, त्या सरकारने न्यायालयात समलिंगी विवाहाला विरोध केला, म्हणून देशाच्या मतदाराचा विरोध आहे, हे म्हणणं अगदी याच जातीचं आहे. निवडणुकीत मत एकच असतं आणि प्रश्न पन्नास. कांदा, जात, पाणी, उमेदवाराचा स्वभाव, सगळ्याचं एकच गाठोडं. त्यातून एक धागा ओढून 'हा विवाहाबद्दलचा कौल' असं म्हणता येत नाही.

मोजमापातली चूक ही तर आणखी वेगळी गोष्ट. दिंडोरीतच याच निवडणुकीत भगरे आडनावाच्या दुसऱ्या एका अपक्ष उमेदवाराला एक लाखाहून जास्त मतं पडली. चिन्ह तुतारी, आणि पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. उमेदवार कोण, एवढ्या साध्या प्रश्नावर मतपेटीतून निघणारा आवाज असा घोगरा असेल, तर तिच्यातून विवाह कायद्याबद्दलचं मत ऐकू येतं असं म्हणायला फार धाडस हवं.

थेट कौल घेण्याची पद्धत महाराष्ट्राला अगदीच परकी नाही म्हणा. दारूचं दुकान बंद करायला आपल्याकडे 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान होतं. २००८च्या आदेशाप्रमाणे तिथे मतदानाला आलेल्यांचं बहुमत चालत नाही, मतदार यादीत जेवढी नावं आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. बायका दिवसभर रांगेत उभ्या राहतात आणि यादीतल्या नावांमुळे ठराव पडतो, असं कित्येक गावांत घडलंय. हाच नियम जगातल्या समलिंगी विवाहाच्या कौलांना लावून पाहा. आयर्लंडने २२ मे २०१५ला ६२ टक्क्यांनी होकार दिला, पण एकूण मतदारांशी भागलं तर तो सुमारे ३७ टक्के भरतो. कॅलिफोर्नियाचं २००८चं बंदीचं मतदानही नोंदलेल्या मतदारांच्या सुमारे ४० टक्क्यांवर थांबतं. बाटलीच्या नियमाने आयर्लंडचा होकारही पडला असता आणि कॅलिफोर्नियाचा नकारही. म्हणून आराखड्यात 'बहुमत' लिहाल तिथे भाजक काय धरलाय ते त्याच ओळीत लिहा. गाईड खूश होतील.

संसदेत शोधू

न्यायालय म्हणालं संसदेचं काम, तर संसदेचं मत पाहायला हवं. इथे फार थोडा कागद आहे, म्हणूनच तो प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायला पाहिजे. १८ डिसेंबर २०१५ला शशी थरूर यांनी कलम ३७७मध्ये दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडू द्या अशी परवानगी मागितली. विधेयक मांडण्याच्या पायरीवर सहसा मतदान होत नाही. इथे झालं. परवानगीच्या बाजूने २४, विरोधात ७१. म्हणजे लोकसभेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी सदस्य त्या वेळी मत नोंदवायला होते. तरीही नोंदलेलं मत ते नोंदलेलं मत.

सुळेंच्या विधेयकाला तेवढंही मिळालं नाही. ते मांडलं गेलं, पडून राहिलं आणि २०२४मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर आपोआप संपलं. खासगी विधेयकांचं नशीबच तसं. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा होऊ शकली, शेवटचं १९७०मध्ये. त्यामुळे विवाहाच्या प्रश्नावर भारतीय संसदेत आजवर एकदाही मतदान झालेलं नाही, ना बाजूने, ना विरोधात.

मग या मौनाचा अर्थ काय लावायचा? माझ्या मते सगळ्यात रसाळ जागा हीच आहे, कारण सर्वोच्च न्यायालयानेच त्याचे वेगवेगळे अर्थ लावलेत. २०१३च्या कौशल निकालात दोन न्यायाधीशांनी कलम ३७७ कायम ठेवलं. त्यामागच्या कारणांत एक होतं की विधी आयोगाने २००० साली कलम काढायची शिफारस करूनही संसदेने ते काढलं नाही, म्हणजे संसदेला ते नको आहे असं दिसत नाही. मौन म्हणजे संमती. पाच वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ला, नवतेज जोहर निकालात पाच न्यायाधीशांनी तेच मौन (आणि २०१५चं ते ७१ विरुद्ध २४ही) बाजूला ठेवलं आणि संमतीने ठेवलेले संबंध गुन्ह्यातून वगळले. त्या वेळी केंद्र सरकारने निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोडला होता. २०२३मध्ये तेच केंद्र म्हणालं, हा विषय न्यायालयाचा नाहीच, संसदेचा आहे. आणि या वेळी न्यायालयाने मौनाचा तिसरा अर्थ लावला: संसद बोलली नाही, म्हणून आपण थांबू.

राज्यांचं काय? सुनावणी चालू असताना केंद्राने राज्यांचं मत मागवलं. १० मे २०२३ला न्यायालयाला सांगण्यात आलं की सात राज्यांची उत्तरं आलीत. आसाम, आंध्र प्रदेश आणि राजस्थानचा विरोध होता. उत्तर प्रदेश, मणिपूर, सिक्कीम आणि महाराष्ट्राने वेळ मागितला. म्हणजे महाराष्ट्राची इच्छा काय, याचं अधिकृत उत्तर अजून 'मुदत द्या' हेच आहे.

सर्वेक्षणात शोधू

भारतीय वकील परिषदेने २३ एप्रिल २०२३च्या बैठकीत एक ठराव केला. देशातले ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक समलिंगी विवाहाच्या विरोधात आहेत, असं त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी प्यू या अमेरिकी संस्थेच्या सर्वेक्षणात भारतातले ५३ टक्के लोक बाजूने आणि ४३ टक्के विरोधात निघाले. एकच देश, एकच वर्ष. पहिल्या आकड्याला सर्वेक्षणाचा आधार नाही, त्यामुळे त्याला पुरावा म्हणून वापरू नका. 'संस्था जनमताबद्दल काय दावा करतात' या प्रकरणात मात्र तो जरूर वापरा, तिथे तो सोनं आहे.

पण प्यूचा आकडाही जपून. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, यावर उत्तर फिरतं. 'समलिंगी' हा आपल्याकडे वर्तमानपत्री शब्द आहे. बोलण्यातले शब्द बहुतेक शिवीच्या अंगाने जातात. पुण्यात समपथिक ट्रस्ट काढणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांच्यासारख्यांनी मराठीत वर्षानुवर्षं लिहून जी सभ्य परिभाषा रुळवली, ती अजून गावच्या पारावर पोचलेली नाही. आता हे दोन प्रश्न बघा. 'दोन पुरुषांचं लग्न तुम्हाला चालेल का?' आणि 'दोन बायका वीस वर्षं एका घरात राहिल्या, कमाई एकत्र केली, त्यातली एक वारली. तर राहतं घर दुसरीला मिळावं की भावकीला?' दोन्ही प्रश्न एकाच कायद्याबद्दल आहेत. पहिल्यात माणूस वरात डोळ्यांसमोर आणतो, दुसऱ्यात सातबारा.

शिवाय ओट्यावर बसून विचाराल तेव्हा सासू, दीर, शेजारी सगळे ऐकत असतात. अशा वेळी यादी-प्रयोग नावाची पद्धत कामाला येते. निम्म्या लोकांना चार विधानं वाचून दाखवायची (निर्यातबंदी नको, शाळेत इंग्रजी पहिलीपासून हवं, असली) आणि त्यांतली किती पटतात एवढा आकडाच विचारायचा, कोणती ते नाही. उरलेल्या निम्म्यांना तीच चार आणि पाचवं विवाहाचं. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पाचवं विधान पटणाऱ्यांचं प्रमाण. कोण काय म्हणालं ते तुम्हालाही कळत नाही. गट चिठ्ठ्या टाकूनच पाडायचे आणि माणसं भरपूर लागतात. शंभर जणांवर हा प्रयोग करून काही हाती लागत नाही.

हे सगळं करताना एक भान हवं. तुमच्या नमुन्यात असा कोणीतरी असणारच ज्याचा हा स्वतःचा प्रश्न आहे आणि त्याच्या घरात ते कोणाला ठाऊक नाही. केंद्राने न्यायालयात हा शहरी उच्चभ्रू मंडळींचा विषय म्हटलं होतं. चंद्रचूड यांनी त्यावर स्वतंत्र भाग लिहून ते खोडून काढलं. शहरातला इंग्रजी बोलणारा नोकरदारच नव्हे, गावात शेतात राबणारी बाईही यात असू शकते, असा त्याचा आशय. गावातून संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने तो भाग वाचावा, मग पटो न पटो.

मतदारांना आधी विचारा, हे जुनंच

विवाहाच्या कायद्यात 'आधी जनतेत जा' ही मागणी पहिल्यांदा २०२३मध्ये झाली नाही. डॉ. आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलावरचा एक मुख्य आक्षेप हाच होता: ही हंगामी संसद प्रौढ मतदानाने निवडलेली नाही, तिला एवढा मोठा बदल करण्याचा अधिकार काय? राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनीही नेहरूंकडे हा मुद्दा मांडला होता. बिल अडकलं आणि २७ सप्टेंबर १९५१ला आंबेडकरांनी राजीनामा दिला. मग पहिली निवडणूक झाली. फुलपूरला नेहरूंविरुद्ध प्रभुदत्त ब्रह्मचारी फक्त हिंदू कोड बिलाला विरोध एवढ्याच मुद्द्यावर उभे राहिले आणि हरले. एका मतदारसंघापुरता तो जवळजवळ जनमत कौलच म्हणा. १९५५पासून हिंदू कोड तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं. मतदारांनी पावती दिली असं म्हणायला जागा आहे. पण त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईच्या मतदारांनी खुद्द आंबेडकरांना पाडलं. ही पावती कशाची होती?

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांनी निदान मतदार कधी बोलणार ते सांगितलं होतं: पुढची निवडणूक. २०२३च्या निकालात संसदेकडे बोट आहे, पण संसदेने कधीपर्यंत बोलावं हे नाही.

मग प्रश्न कसा मांडायचा

'न्यायालय जनमतापुढे झुकतं का?' असा प्रश्न घेतलात तर निकाल एकमेकांना छेद देतील. २०१८मध्ये झुकलं नाही, २०२३मध्ये थांबलं. त्यात बैलगाडा शर्यतीचा निकाल घाला. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, २०१७मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ला, म्हणजे विवाहाच्या निकालाच्या पाचच महिने आधी, दुसऱ्या एका पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. परंपरा काय आहे हे विधिमंडळाने ठरवलंय, आम्ही त्यात वेगळं मत देणार नाही, असा सूर. तिथे विधिमंडळ स्पष्ट बोललं होतं, कागद होता. विवाहात कागद नव्हता, तरी न्यायालयाने मान तेवढीच झुकवली.

मला वाटतं यातला फरक जनमताने समजत नाही, मागणीच्या प्रकाराने समजतो. ३७७मध्ये काढून टाकायचं होतं, एक गुन्हा कमी करायचा होता. विवाहात बांधायचं होतं. विशेष विवाह कायद्याला वारसा, पोटगी, दत्तक, निवृत्तिवेतन असे कितीतरी कायदे जोडलेत. एक शब्द बदलला की ते सगळे हलतात, आणि स्त्रियांना संरक्षण देणाऱ्या तरतुदी दोन पुरुषांना कशा लावायच्या हा प्रश्नही येतो. न्या. भट यांच्या निकालपत्रात हे सविस्तर आहे, आणि निकालाची बळकट बाजू तीच आहे. 'हे संसदेचं काम' एवढंच म्हणणारी बाजू मला कमजोर वाटते, कारण संसद हे काम करेल असं दाखवणारा एकही कागद न्यायालयापुढे नव्हता. होतं ते केंद्राचं मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू असं आश्वासन. समिती एप्रिल २०२४मध्ये नेमली गेली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रेशन कार्डावर अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं आणि बँकेत संयुक्त खातं उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, अशा सूचना निघाल्या. सूचना म्हणजे कायदा नव्हे. तरी रेशन कार्ड ही आपल्याकडे किती मोठी गोष्ट आहे ते दुकानदाराच्या रांगेत उभं राहिलेल्याला सांगायला नको.

अर्थात 'काढणं विरुद्ध बांधणं' हे अजून गृहीतक आहे. ते तपासायचं तर तिसऱ्या प्रकारचं प्रकरण लागतं, ज्यात विवाह मागितलेला नाही पण एखादी वीट मागितली आहे. अशी प्रकरणं आता येऊ लागली आहेत. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये एका तरुणीला तिच्या जोडीदारासोबत जाऊ देताना, कुटुंब उभं करायला विवाह हा एकच मार्ग नाही असं म्हटलं. आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयात २०२५मध्ये एक जोडपं आयकराचा प्रश्न घेऊन गेलंय. पन्नास हजारांवरची भेट परक्याकडून आली तर तिच्यावर कर लागतो, पती-पत्नीमध्ये दिली तर नाही. एकत्र राहणाऱ्या दोन पुरुषांनी एकमेकांना दिली तर? तरतुदीच्या घटनात्मकतेचा प्रश्न असल्याने न्यायालयाने ऑगस्टमध्ये ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. ज्यांना विषय हवाय त्यांनी या याचिकेपासून सुरुवात करावी: मागणी नेमकी, कायद्याचा शब्द एकच, आणि लोकांना या शब्दाबद्दल कोणी कधी काही विचारलेलं नाही.